वऱ्हाडी-झाडीच्या गाण्यांचं ऑनलाइन रेडिओ स्टेशन: नागपुरात बसून कसं उभारायचं

स्टेशन सुरू होऊन अकरावा दिवस होता. सकाळी सातला फोन आला. "बाई, काल राती तुमच्या रेडिओवर गंमत वाजली ना, तो आवाज माहा होय. मंग नाव दुसऱ्याचं काहून सांगून राहिल्या तुम्ही?" झाडीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, लाखांदूरकडचे एक म्हातारे शाहीर बोलत होते. गंमत म्हणजे खडी गंमत, तमाशासारखा आमच्याकडचा लोकनाट्याचा प्रकार. ती फाइल मला एका मित्राने पेनड्राइव्हवर दिली होती. फाइलवर जे नाव होतं तेच मी माइकवर वाचलं होतं. शाहिरांच्या आवाजात राग फारसा नव्हता, कंटाळा होता. असं त्यांच्यासोबत आधीही झालेलं असणार.

त्याच दुपारी मी स्टेशन बंद केलं. पुन्हा सुरू करायला सात महिने लागले.

सर्व्हर लावायला मला दोन दिवस लागले होते, तेही धरमपेठेतल्या घरी स्वयंपाक सांभाळून. सात महिने गेले ते नावं शोधण्यात, परवानग्या घेण्यात आणि गावोगाव फिरण्यात. इंटरनेटवर मार्गदर्शन शोधाल तर सगळं सर्व्हरबद्दलच सापडतं, म्हणून मी उलट्या बाजूने सांगते. आधी गाणं आणि गाणारा, मग यंत्र.

१. काय वाजवणार ते आधी वहीत लिहा

"विदर्भाचं लोकसंगीत वाजवू" हे बोलायला सोपं आहे. वही उघडली की पसारा दिसतो. उभ्याने होणारी खडी गंमत, तिची ढोलकी, डफ आणि तुणतुणं. दिवाळीनंतरची दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य. डहाका हे वाद्य वाजवत म्हणायची गाणी. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत मुलींनी म्हणायची भुलाबाईची गाणी. धानाच्या बांधीत रोवणी करताना बाया गातात ती. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारला जाणाऱ्यांची महादेवाची गाणी. पोळ्याच्या तोरणाखाली एकमेकांवर फेकायच्या झडत्या, म्हणजे यमकातले टोमणे. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं. दीक्षाभूमीच्या शहरात न वाजवून चालणारच नाहीत अशी भीमगीतं. गडचिरोलीकडची गोंडी गाणी. आणि वडसा हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाट्यगीतं. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी आपल्या सीताबर्डीवर दहा जणांना विचारा, आठ जणांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलेलं नसतं.

यातले दोन किंवा तीन प्रकार निवडा. मी खडी गंमत, बायांची गाणी आणि भजन घेतलं. साठ गाणी हाती आली की सुरुवात करता येते. सरासरी पाच मिनिटं धरली तर पाच तासांचा ऐवज होतो. तो फिरवून फिरवून वाजवला तरी ऐकणारा तक्रार करत नाही, कारण कोणीच सलग पाच तास ऐकत नाही.

सिनेमातली गाणी आणि बातम्या या दोन गोष्टींना सुरुवातीला हात लावू नका. पहिल्यासाठी पैसे लागतात, दुसरीसाठी वेगळे नियम आहेत.

२. सरकारी परवान्याचा गोंधळ आधी मिटवा

एफएम वाहिनीला लहरी लागतात, त्या सरकारच्या असतात, म्हणून त्यांचा लिलाव होतो. सामुदायिक रेडिओलाही परवाना लागतो. तो संस्थेलाच मिळतो, एकट्या माणसाला नाही, आणि १०० वॅटच्या आसपासच्या ताकदीमुळे तो काही किलोमीटरपर्यंतच ऐकू जातो. इंटरनेट रेडिओ लहरी वापरत नाही, त्यामुळे लिलाव आणि टॉवरची भानगड नाही. एवढं ऐकून बरेच जण खूश होतात आणि पुढच्या खड्ड्यात पडतात.

३. कोणत्या गाण्यावर कोणाचा हक्क, हे समजून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एका रेकॉर्डिंगमध्ये चार वेगवेगळे हक्क असतात: शब्द लिहिणाऱ्याचा, चाल बांधणाऱ्याचा, ते ध्वनिमुद्रण ज्याने पैसे घालून केलं त्याचा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा. "लोकगीत आहे, कोणाचंच नाही" हे वाक्य मी स्वतः शंभरदा म्हटलं असेल. ते अर्धंच खरं आहे. भुलाबाईच्या गाण्याचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, पण ते गाणं एखाद्या कॅसेट कंपनीने मुद्रित केलं असेल तर ती कॅसेट तिची आहे.

हिशेब असा. शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं. आता आपली उदाहरणं घेऊ:

गाडगे महाराज १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे शब्द २०१७ पासून मोकळे झाले. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०२८ संपेपर्यंत मोकळे नाहीत. भजनी मंडळात सगळेच ती भजनं म्हणतात म्हणून ती प्रसारित करता येतात असं समजू नका, हक्कदारांची परवानगी घ्या. सुरेश भट २००३ मध्ये गेले, त्यांच्या गझलांसाठी २०६४ उजाडावं लागेल. आद्य मराठी कवयित्री महदंबेचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, तेराव्या शतकातले, रिद्धपूरच्या मातीतले. ते आज कोणीही नव्याने गाऊन घ्या. आणि १९८५ साली बाजारात आलेली कॅसेट २०४५ संपेपर्यंत कंपनीची.

हमखास फसवणारी जागा पुढे आहे. शाहीर प्रेमाने आपली जुनी कॅसेट काढून देतात आणि म्हणतात, "वाजवा बाई, माहंच गानं हाय." गाणं त्यांचंच असतं, पण वीस-तीस वर्षांपूर्वी कोणत्यातरी कंपनीच्या कागदावर सही करून एकरकमी बिदागी घेतलेली असते. तो कागद त्यांच्याकडे नसतो, आठवतही नसतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: "हे कोणासाठी रेकॉर्ड केलं होतं? पैसे कोणी दिले होते?" उत्तरात कंपनीचं नाव आलं तर कॅसेट परत द्या आणि तेच गाणं त्यांच्याकडून नव्याने गाऊन घ्या. फक्त शब्द आणि चाल परंपरेतली, त्यांची स्वतःची, किंवा परवानगी मिळालेली हवी. नवं मुद्रण तुमचं आणि त्यांचं.

कंपन्यांची गाणी वाजवायचीच असतील तर रेडिओसाठी म्हणून ऐकलेला सोपा रस्ता आपल्याला बंद आहे, हे लक्षात ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ३१-ड कलम आलं. त्यात रेडिओ आणि टीव्हीला ठरलेल्या दराने गाणी वाजवण्याची सोय आहे. ती इंटरनेटला लागू नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणजे आपल्याला प्रत्येक हक्कदाराकडे जाऊन परवाना घ्यावा लागतो: शब्द आणि संगीतासाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल (या दोन्ही हक्कदारांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्था) किंवा थेट कंपनी. त्यांच्या दरांचं गणित लहान स्टेशनला बसतं का ते आधी विचारून घ्या. मी त्या वाटेला गेलेच नाही.

यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं वाजवणं हा रस्ता मी सांगणारच नाही.

४. परवानगीपत्र: एक पान, मराठीत, समोर वाचून

परवानगी तोंडी चालत नाही, कायद्याला ती लेखी लागते. आणि लिहिताना दोन गोष्टी राहून गेल्या तर कायदा त्या स्वतःच भरतो. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जातात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. इंटरनेट रेडिओ तर मस्कतमध्ये कामाला गेलेला उमरेडचा पोरगाही ऐकतो. म्हणून "जगभर" हा शब्द पत्रात आलाच पाहिजे.

माझ्या पत्रकात एवढं असतं:

- कलावंताला हवं तसं नाव, त्यांच्याच हाताने किंवा त्यांना विचारून लिहिलेलं. गाव, तालुका, जिल्हा.
- गाण्यांची यादी, प्रत्येकापुढे "पारंपरिक", "माझं" किंवा "अमक्याचं".
- साथीदारांची नावं आणि सह्या. ढोलकीवाला, झीलकरी, सगळे.
- काय परवानगी: ऑनलाइन रेडिओवर वाजवणं आणि आमच्या संग्रहात जपून ठेवणं. विकण्याची नाही, जाहिरातीत वापरण्याची नाही.
- मुदत, प्रदेश, मोबदला, तो कसा दिला.
- कधीही सांगितलं तर गाणं काढून टाकू, हे वाक्य.
- तारीख, दोन साक्षीदार.

साथीदारांच्या सह्यांबद्दल थोडं थांबते. वाजवणाऱ्यालाही कायद्याने कलावंत म्हणून हक्क असतो, तेव्हा एकट्या शाहिराची सही अपुरी आहे. पण त्याहून मोठी गोष्ट मला एका गावच्या चावडीवर कळली. पत्रक शाहिरांपुढे ठेवलं, तेव्हा ढोलकीवाले मामाजी शांतपणे उठून बाहेर गेले. मी चहा संपवला तरी ते आले नाहीत. शेवटी कोणीतरी म्हणालं, "त्यायचं नाव कुठं हाय कागदावर?" तेव्हापासून साथीदारांचे रकाने मी आधी भरून घेते.

पत्रक मोठ्याने वाचून दाखवा. सही करता येत नसेल तर अंगठा घ्या आणि रेकॉर्डरवर त्यांच्याच तोंडून "मी परवानगी देतो" असं बोलवून घ्या. कागदाची एक प्रत त्यांना तिथेच द्या. "नागपूरहून पाठवते" म्हणाल तर ती कधीच पोचत नाही, मी अनुभवाने सांगते. मोबदल्याची रक्कम मोठी असेल किंवा हक्क कायमचे घ्यायचे असतील तर एकदा वकिलाला दाखवा.

५. कलावंत कुठे भेटतात आणि कधी भेटत नाहीत

दिवाळी ते होळी हा झाडीपट्टीचा हंगाम. नाटक मंडळ्या रात्रभर प्रयोग करतात, पहाटे गाडीत झोपतात, संध्याकाळी पुढच्या गावी. या दिवसांत त्यांना "दोन तास द्या" म्हणणं बरं नाही. ओळख मात्र याच दिवसांत होते. भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. तिथे दिवसाउजेडी दंडार आणि दुय्यम खडी गंमत असते, म्हणजे दोन शाहीर समोरासमोर. एका मंडईत चार मंडळ्या भेटतात. जाताना पेढे न्या, रेकॉर्डर नेऊ नका. पहिल्या भेटीत यंत्र दिसलं की लोक टीव्हीवाले समजतात.

खरं काम पोळ्याच्या आसपास होतं. रोवणी आटोपलेली असते, हातात थोडी फुरसत असते. बायांची रोवणीची गाणी हवी असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये बांधीवरच जावं लागतं. घरी बसवून म्हणायला सांगितलं तर त्या हसतात आणि दोन कडव्यांत थांबतात. माझ्या आईलाही भुलाबाईची वीस-बावीस गाणी येतात. ती माझ्यासमोर दोन वर्षांत सात म्हणाली, शेजारच्या काकू आल्या तेव्हा एका दुपारी चौदा.

शहरात बसून सुरुवात करायची असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांना जा. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे. तिथे कधीकाळी गायलेले कलावंत आपली तारीखवार चिठ्ठीसुद्धा जपून ठेवतात, त्यांना भेटा. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत महाल-इतवारीतल्या पोरांच्या आरोळ्या ऐका. त्याही वाजवण्याजोग्या असतात, फक्त शिव्या वगळून.

६. रेकॉर्डिंग

साधनं थोडी लागतात: दोन माइक असलेला हातातला रेकॉर्डर, तिपाई, फोमची टोपी, हेडफोन, जास्तीचे सेल, दोन मेमरी कार्डं. मोबाइलवरही होतं, पण मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच खालीवर करतो. ढोलकीची थाप पडली की शाहिराचा आवाज बसतो आणि हळूहळू परत वर येतो. तुमच्या अॅपमध्ये हे बंद करण्याची सोय असेल तर करा.

नागपूरच्या उन्हाळ्यात रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा शत्रू कूलर. तो चालू ठेवला तर गाणं वाया, बंद केला तर माणसं घामाघूम. मी मे महिन्यात पहाटे पाचला सुरू करते आणि आठला गुंडाळते. पावसाळ्यात टिनाच्या छताखाली बसू नका. आणि पंखा, फ्रिज, देवघरातली घंटा, कोंबडा यांची आधी पाहणी करा. कोंबड्याचं मात्र काही करता येत नाही.

रेकॉर्डर मंडळीपासून दीड-दोन मीटरवर, गाणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीला. खंजिरी असेल तर तिच्या झांजा फार टोचतात, तो माणूस एक पाऊल मागे बसवा. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं लावा. डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. अशी स्टिरिओ फाइल तासाला साधारण १ जीबी होते, तेव्हा ३२ जीबीचं कार्ड पुरून उरतं.

मंडईत किंवा मंचावर असाल तर साऊंडवाल्या भाऊंना नमस्कार करून मिक्सरमधून तार मागा. पण तेवढ्यावर विसंबू नका. ढोलकीला माइकची फार गरज नसते, त्यामुळे मिक्सरच्या तारेत ती जवळजवळ ऐकूच येत नाही. समोर आपला रेकॉर्डरही ठेवा आणि घरी दोन्ही जोडा. जोडायला सोपं जावं म्हणून सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या.

आणि गाण्याआधी प्रत्येकाला बोलायला लावा: नाव, गाव, काय वाजवतो, आज तारीख काय. पेनड्राइव्हवाली चूक पुन्हा होऊ नये म्हणून ही चिठ्ठी मी आवाजातच त्या फाइलला बांधून टाकते. फाइलचं नाव कोणीही बदलू शकतं.

७. जुन्या कॅसेट असतील तर

हक्क तुमच्या बाजूने असतील तरच. कॅसेट प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, हेडफोनच्या नव्हे तर लाइन-आउटच्या भोकातून तार घ्या. पहिल्या वेळी जे निघेल तेच जपून ठेवा. खरखर काढण्याचा सोस आवरा, खरखरीसोबत तुणतुण्याची तारही निघून जाते.

८. फाइल साफ करणं आणि नाव लावणं

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सुरुवातीचा-शेवटचा खोकला कापा आणि सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणा. त्यासाठी "लाउडनेस नॉर्मलायझेशन" वापरा. तिथे आपोआप उणे २३ आकडा भरलेला असतो, तो उणे १६ करा. मी तो बदलायचा विसरले होते. आठवडाभर लोक म्हणत होते, "ताई, तुमचा रेडिओ कानात कुजबुजते."

मग एमपी३ करा, १९२ केबीपीएस. ५०० गाणी पाच-पाच मिनिटांची धरली तर साडेतीन-पावणेचार जीबी होतात. मूळ डब्ल्यूएव्ही कधीही पुसू नका, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि एक डिस्क दुसऱ्या घरी.

आता माहितीचे रकाने. एमपी३टॅग नावाच्या मोफत साधनात गायक, शीर्षक, अल्बमच्या जागी गाव आणि प्रकार, टिपेच्या जागी साथीदार, असं देवनागरीत भरा. साठवताना यूटीएफ निवडा. नाहीतर ऐकणाऱ्याच्या पडद्यावर कलावंताच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. काही जुन्या प्लेअरमध्ये आणि गाडीतल्या यंत्रात देवनागरी तरीही दिसत नाही. म्हणून नाव पडद्यावर सोडू नका, तोंडाने सांगा. गाण्याआधी एकदा, गाण्यानंतर एकदा. "आत्ता ऐकलीत ती गंमत, शाहीर अमुक, मुक्काम अमुक, ढोलकीवर तमुक." बारा सेकंद लागतात. माझ्या स्टेशनवर ही बारा सेकंदं कापायची नाहीत एवढा एकच नियम आहे.

९. सर्व्हर

हा भाग घाबरण्यासारखा नाही. गाणी एका भाड्याच्या सर्व्हरवर बसतात, तिथून ऐकणाऱ्यांकडे जातात. घरचा संगणक बंद असला तरी स्टेशन चालू राहतं. नवख्यांना वाटतं की शंभर जण ऐकायला लागले की घरचं नेट बसेल. तसं होत नाही. थेट कार्यक्रम करतानाही घरातून सर्व्हरकडे आवाजाची एकच धार (स्ट्रीम) जाते, ती शंभरांत वाटण्याचं काम सर्व्हर करतो.

अझुराकास्ट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आत ऐकणाऱ्यांपर्यंत धार पोचवणारं आइसकास्ट असतं, आपोआप गाणी लावणारा ऑटो डीजे असतो, वेळापत्रक असतं, किती जण कुठून ऐकतायत ते दिसतं. त्याला उबुंटू किंवा डेबियन लिनक्सचा भाड्याचा सर्व्हर लागतो. ४ जीबी रॅम असली की निवांत. भारतातलं केंद्र निवडा. लिनक्स येत नसेल तर अभियांत्रिकीला असलेला एखादा भाचा-पुतण्या धरा, एका रविवारचं काम आहे.

धार किती जाडीची ठेवायची? दोन ठेवा. ६४ केबीपीएस एएसी ही मुख्य, तिने तासाला २९ एमबी जातात. १२८ केबीपीएस एमपी३ ही दुसरी, तिने ५८ एमबी. गावाकडे मोजून नेट वापरणाऱ्यांना पहिलीच परवडते. सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर ६४ वर ५० जण महिनाभर रात्रंदिवस ऐकत राहिले तर सुमारे १ टीबी खर्च होतो. जिथे "अमर्याद श्रोते" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय तिथे लहान अक्षरांत डेटाची मर्यादा शोधा. मी ज्या होस्टिंगवाल्यांकडे आधी होते त्यांनी महिन्याच्या विसाव्या दिवशी धार बंद केली होती, आणि तो कोजागिरीचा दिवस होता.

आणखी एक सापळा. स्टेशनचं पान https वर आणि धार साध्या http वर असेल तर ब्राउझर ती वाजवत नाही. ८००० क्रमांकाच्या पोर्टवर असेल तर कचेऱ्यांच्या वायफायवर अडते. अझुराकास्टमध्ये धार पानाच्याच पत्त्यावरून द्यायची सोय आहे, ती सुरू करा. "मुंबईच्या पोराच्या ऑफिसात लागत नाही" ही तक्रार तिथेच संपते.

थेट कार्यक्रमासाठी मिक्स (Mixxx) किंवा बट (BUTT) ही मोफत साधनं आहेत. वीज जाण्याची सोय म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा. धार तुटली तर ऑटो डीजे आपोआप गाणी सुरू करतो ना, हे एकदा तार ओढून तपासा.

१०. दिवसाचा आराखडा

माझा असा आहे. पहाटे भजन. दुपारी एक ते तीन बायांची गाणी, तेव्हा घरात त्यांच्याच हाती मोबाइल असतो. संध्याकाळी कलावंताशी गप्पा, त्यांच्या बोलीत, माझी प्रमाण मराठी मध्ये न आणता. रात्री नऊनंतर गंमत. रात्री ऐकणारे बहुतेक पुण्याकडे, हैदराबादकडे कामाला गेलेले आणि रात्रपाळीचे चालक. त्यांचे निरोप व्हॉट्सअॅपवर आवाजात येतात: "ताई, आमच्या भिवापूरची लावा ना." ते निरोप परवानगी घेऊन वाजवा. कलावंताला त्याची तारीख-वेळ आदल्या दिवशी कळवा आणि लिंक पाठवून भागलं असं समजू नका. घरातल्या शाळकरी नातीला फोन करून लावून द्यायला सांगा.

११. पैसा, आणि कलावंताच्या पदरात काय पडतं

स्पष्ट सांगते, यातून नफा निघत नाही. डोमेन, सर्व्हर आणि एसटीचं भाडं एवढा खर्च स्थानिक जाहिरातींतून निघाला तर दिवाळी समजा. जाहिरात घ्यायची असेल तर पॅन, वेगळं बँक खातं आणि उद्यम नोंदणी करून ठेवा. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. पैसे मागणारी जी पानं दिसतात ती मधल्यांची.

कलावंताला मी रेकॉर्डिंगच्या दिवशीच बिदागी देते, यूपीआयने, म्हणजे दोघांकडे नोंद राहते. नंतर देऊ म्हणू नका. पण खरा उपयोग होतो तो सुपारीचा. रेडिओवर ऐकून गणेश मंडळाचा, जयंती समितीचा, लग्नघरचा फोन येतो. कलावंताचा नंबर पानावर कधीच टाकू नका. निरोप तुम्ही घ्या, त्यांना विचारा, मगच जोडून द्या, आणि मध्ये दलाली घेऊ नका.

दुसरं म्हणजे प्रसारणाचं पत्र. कोणतं गाणं, कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यक्रमात वाजलं, ते स्टेशनच्या कागदावर शिक्का मारून द्या. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करताना कलेच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. चाळीस वर्षं गाऊनही पुराव्याचा एक कागद नाही, अशी मंडळी मला गावोगावी भेटली.

१२. तक्रार आली तर

पानावर एक नंबर आणि एक ईमेल ठळक ठेवा. "हे माझं आहे, काढा" असं कोणी म्हटलं तर आधी काढा, मग चौकशी करा. कागद मागून घेऊन खरं-खोटं ठरवायला आठवडा लागला तरी चालेल, गाणं तेवढे दिवस थांबतं. काय आलं, कधी काढलं, काय ठरलं, हे एका वहीत लिहीत जा. माझ्या वहीत पहिली नोंद त्या लाखांदूरकडच्या शाहिरांची आहे. त्यांची गंमत आम्ही पुढच्या पोळ्यानंतर त्यांच्या अंगणात नव्याने रेकॉर्ड केली. सध्या ती रविवारी रात्री नऊला असते. परवानगीपत्रावर त्यांनी स्वतःच्या नावाच्या वर ढोलकीवाल्याचं नाव लिहायला लावलं.